दगड, चुना आणि जोतीराव

वाचकहो, महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे भिडे वाड्यातील मुलींची शाळा येते, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद येतो, सत्यशोधक समाज येतो. जयंतीच्या भाषणांत हे सारे दरवर्षी सांगितले जाते आणि ते सांगितले पाहिजेच. परंतु हा माणूस पोटासाठी काय करीत होता, शाळा चालविण्यास, पुस्तके छापण्यास, घरी आलेल्या गेलेल्यांस जेवू घालण्यास पैसा कोठून आणीत होता, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे लोक विचारतात. वर्गात हा प्रश्न मुले विचारतात. गरिबाच्या मुलांना पैशाचा प्रश्न आधी सुचतो. म्हणून जोतीरावांचे चरित्र या वेळी मी त्या बाजूने सांगणार आहे. जोतीराव कंत्राटदार होते. दगड, चुना व इमारतीचे सामान सरकारी बांधकामांना पुरविण्याचा धंदा त्यांनी कित्येक वर्षे केला.

त्यांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशवाईच्या अखेरच्या काळात हे घराणे पुण्यात फुलांच्या धंद्यात स्थिरावले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या लहानपणीच वारल्या. वडील गोविंदराव शेतीभाती, फुलेभाजी करून सुखवस्तू होते. मुलाला त्यांनी शाळेत घातले, लोकांच्या सांगण्यावरून काढले आणि पुन्हा चांगल्या माणसांच्या सांगण्यावरून स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातले. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण संपले. त्या शिक्षणावर जोतीराव सहज सरकारी नोकरी मिळवू शकले असते. ती त्यांनी केली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या चरित्राला तिचा आधार आहे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला, हे आपण जाणताच. त्याच सुमारास ते आपल्या जिल्ह्याच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला आणि आजच्या अहिल्यानगरला येऊन गेले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे येथे असत. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी येथे पाहिल्या. फरारबाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये येथेच वारल्या. त्यांच्या शाळेत बसलेल्या मुली पाहून जोतीराव पुण्यास परतले आणि त्याच वर्षी भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे नगरला घेतले. आपल्या जिल्ह्यातील किती शिक्षक-शिक्षिकांना हे ठाऊक आहे? नगरमध्ये चांदबिबीचा महाल पाहावयास सहली येतात. या गोष्टीसाठी कोणी सहल काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शाळेमुळे १८४९ मध्ये वडिलांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. आता वडिलांचा मळा नाही, दुकान नाही आणि नोकरी तर करावयाची नाही. शाळांना दक्षिणा फंडातून, सरकारकडून, मित्रांकडून काही मदत मिळे. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात त्यांचा सरकारी सत्कारही झाला, शालजोडी मिळाली. पण शालजोडीवर संसार होत नसतो. जोतीराव काही काळ मिशनच्या शाळेत शिकवीत. पुढे १८६३ मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामास लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान काढले. आणि नंतर ते कंत्राटात शिरले.

हा काळ ध्यानात घ्या. १८५७ च्या बंडानंतर सरकारने रस्ते, पूल, लोहमार्ग, कालवे, तुरुंग, छावण्या यांचा सपाटा लावला होता. पब्लिक वर्क्स खाते वाढत होते आणि प्रत्येक कामाला दगड लागत होता. दख्खनच्या काळ्या पाषाणाला तोटा नव्हता. तोटा होता तो दगड काढून, घडवून, वेळेवर जागेवर आणून टाकणाऱ्या माणसाचा. साहेबाला गावोगावचे वडार, बेलदार, गाडीवाले ठाऊक नाहीत. वडाराला साहेबाची भाषा, टेंडर, करार ठाऊक नाही. या दोघांच्या मध्ये जो उभा राहील तो कंत्राटदार. जोतीरावांना इंग्रजी येत होते, हिशेब येत होता, आणि माळी-कुणबी-महार-मांगांत त्यांची ऊठबस होती. तिन्ही गोष्टी एकाच माणसापाशी असणे त्या काळी दुर्मिळ होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम खडकवासल्याच्या धरणाचे. पुण्याच्या नैऋत्येस मुठा नदीवर हे धरण १८६९ च्या सुमारास सुरू झाले आणि पुरे व्हावयास दहा वर्षे लागली. कल्पना कॅप्टन फाइफ या इंजिनियरची, म्हणून तलावाला फाइफ सरोवर नाव पडले. सांडव्यासह भिंत जवळजवळ मैलभर लांब आणि उंची शंभर फुटांच्या आसपास. आपल्या देशात एवढ्या मोठ्या दगडी धरणांचा तो आरंभ होता. पुणे शहर व खडकीची छावणी यांना पिण्याचे पाणी द्यावे आणि उजव्या कालव्याने हडपसर, मांजरी, लोणीवरून पुढे पाटसच्या बाजूला दुष्काळी रानाला पाणी न्यावे, असा बेत. या धरणाला लागणारे दगड व बांधकामाचे सामान पुरविण्याच्या कंत्राटात जोतीराव होते. कात्रजचा बोगदा व येरवड्याची कामे यांतही त्यांचा कंत्राटदार म्हणून हात होता, असे चरित्रकार लिहितात.

दगड पुरविणे म्हणजे काय, हे ज्यांनी खाण पाहिली नाही त्यांना थोडे सांगावे लागेल. आमच्या पारनेर-संगमनेरच्या बाजूच्या वाचकांनी हा मजकूर वरवर वाचला तरी चालेल.

काळा पाषाण फार जड. एक घनफूट सबंध दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो. खाणीत आधी वरची माती व मुरूम काढून खडक उघडा करावयाचा. मग एक माणूस पहार धरतो, दुसरा घण मारतो. पहार फिरवीत फिरवीत भोक पाडावयाचे, त्यात दारू ठासून बत्ती द्यावयाची. सुरुंग उडाला की मोठे धोंडे सुटतात. ते पाचर मारून फोडावयाचे, सुतकीने व छन्नीने तोंड घडवावयाचे. चांगला पाथरवट दगडाची शीर पाहून घाव घालतो. शीर न पाहता मारलेल्या घावाने दगड वाया जातो आणि हातही. मग ओढणी. गाडीवडारांचे गाडे खास दगडासाठी केलेले, ठेंगणे आणि भक्कम. साधी बैलगाडी अर्धा-पाऊण टन ओढते. शंभर घनफुटांचा एक ब्रास रचला तर चार-पाच टन भरतो, म्हणजे एका ब्रासाला सात-आठ खेपा. धरणाच्या भिंतीत असे किती ब्रास गेले असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. पावसाळ्यात गाडरस्ते चिखलात जातात, ओढणी बंद पडते, बैलांची वैरण मात्र चालूच. उन्हाळ्यात रस्ता कोरडा, पण वैरण महाग. कंत्राटदार बुडतो तो बहुधा दगडात नाही, ओढणीत बुडतो.

चुन्याची गोष्टही तशीच. तेव्हा आजच्यासारखे सिमेंट नव्हते. चुनखडी वेचून भट्टीत भाजावयाची, फोडावयाची, वाळूबरोबर घाणीत टाकावयाची. बैल गोल गोल फिरतो, दगडी चाक चरात फिरते आणि चुना मळला जातो. घाणी घाईने उपसली तर चुना कच्चा राहतो आणि भिंत पाणी धरीत नाही. धरणाचे काम म्हणजे चुन्याच्या इमानाचे काम.

आता या सगळ्या कामावर लिहिणारा एक वर्ग बसलेला असतो. खाणीवर हजेरीपट असतो, धरणावर मोजमापाचे पुस्तक असते. मजुराला अक्षर येत नाही. हजेरीपटावर किती माणसे आहेत आणि खाणीत किती आहेत याची पडताळणी कोण करणार? न आलेल्या माणसांची नावे मांडून त्यांची मजुरी काढता येते. आलेल्या माणसाचा अर्धा दिवस गाळता येतो. कंत्राटदाराने चट्टा आतून पोकळ रचला तरी पुरा ब्रास लिहिता येतो, आणि कारकुनाचा हात ओला केला नाही तर भरीव चट्टाही कमी भरतो. गोरा इंजिनियर घोड्यावरून येतो, कागद नीट आहे एवढे पाहतो आणि सही करतो. जोतीरावांनी हे कंत्राटदाराच्या जागेवरून पाहिले. इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कामगार कसा कारभार करतात, यावर त्यांनी त्या काळी एक पोवाडाच रचला. हजेरी, मजुरी, खोटा कागद आणि साहेबाचे दुर्लक्ष हे त्याचे विषय. धर्मग्रंथांतील लबाडीवर टीका करणारे पुष्कळ झाले आहेत. हजेरीपटातील लबाडीवर पोवाडा रचणारा माझ्या वाचनात हा एकच.

येथे मी वाचकांना थांबवून एक गोष्ट विचारू इच्छितो, कारण आपल्यातील तरुण ती मला विचारतात. जोतीराव कंत्राटदार होते, तर त्यांनीही मजुरांच्या घामावर नफा मिळविलाच ना? मिळविला. नफ्याशिवाय कंत्राट नसते. त्यांना मजूर ठरविण्याचा खटाटोप आपण करू नये. ते मालक होते आणि त्यांनी ते लपविले नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले तेव्हा आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. समाजसुधारक असे लिहिले नाही. मला ही ओळख फार आवडते. पण नफा मिळविणारे त्या धरणावर पुष्कळ होते. त्यांतल्या किती जणांनी नफ्याचा पैसा मजुराच्या मुलाच्या शाळेत घातला आणि किती जणांनी आपल्याच धंद्याची चोरी चव्हाट्यावर मांडली, याचा हिशेब केला की फरक आपोआप दिसतो. कारकुनाविरुद्ध बोलणाऱ्या कंत्राटदाराचे बिल अडते, ही साधी गोष्ट आहे. ते जोतीरावांना कळत नव्हते असे नाही.

दुसरे असे की, या धंद्याने त्यांना कोणाच्या दारात उभे राहू दिले नाही. १८७३ मध्ये गुलामगिरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. असे पुस्तक लिहिणाऱ्याला सरकारी नोकरीत ठेवले नसते आणि पुण्याच्या सावकाराने कर्जही दिले नसते. खाणीचा पैसा होता म्हणून जीभ मोकळी राहिली.

आणि जोतीराव या धंद्यात एकटे नव्हते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या बाजूला तेलंगणातून आलेली मंडळी होती. तीही दगड-माती-चुन्यातली. त्यांच्यातून मोठे कंत्राटदार निघाले: रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी कालेवार. मुंबईतील मोठमोठ्या इमारती या लोकांनी उभ्या केल्या. पदवी नाही, पोथी नाही, परंतु नकाशा पाहून सामानाचा अंदाज सांगणारी माणसे. अय्यावारू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यशोधक समाजाला बाराशे रुपयांचा छापखाना भेट दिला. त्या काळचे बाराशे रुपये! समाजाच्या वार्षिक अहवालांतून वर्गण्या-देणग्यांची नावे वाचली तर कळते की ही चळवळ कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर उभी राहिली नाही. ती उभी राहिली बांधकामाच्या, भाजीपाल्याच्या, दुकानदारीच्या पैशावर. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात गरीब शूद्रांच्या मुलांना फी माफ व्हावी म्हणून समाजाने प्राचार्यांकडे खटपट केली, ती उगीच नव्हे. मोजमापाचे पुस्तक आपल्या मुलाच्या हातात आल्याशिवाय खाणीतल्या माणसाला पुरी मजुरी मिळणार नाही, हे जोतीरावांना कामावर उभे राहून कळले होते.

समाजाच्या माणसांचा आपल्या जिल्ह्याशी आणखी एक धागा आहे. १८७७ मध्ये दीनबंधू हे पत्र काढणारे कृष्णराव भालेकर, यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील. मुकुंदरावांनी १९१० पासून दीनमित्र चालविले, ते नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना घालून पन्नासहून अधिक वर्षे पत्र चालविणे म्हणजे काय, हे जिल्ह्यातील संपादकांनी विचारात घ्यावे.

१८७६ मध्ये पाऊस गेला. १८७६ ते १८७८ चा तो दुष्काळ पुणे, नगर, सोलापूर, सातारा या पट्ट्यात फार भयंकर झाला. त्याआधीच, १८७५ मध्ये, सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या आणि ते लोण आमच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जतच्या बाजूला पोहोचले होते. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यावर हा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग, जो नगरवरून जातो आणि ज्यावरून आपण आजही प्रवास करतो, तो १८७८ मध्ये खुला झाला. त्याच्या भरावावर दुष्काळग्रस्तांनी माती टाकली आहे. हजारो लोक रस्त्याकडेला खडी फोडीत बसले. जोतीरावांनी १८७७ मध्ये धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळातील मुलांच्या जेवणाची सोय केली, मदतीचे पत्रक काढले. सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या भागात काम करीत होत्या. आपल्या जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या म्हाताऱ्या अजून भेटतात. त्यांच्याशी बोला. हजेरीपट, मुकादम, टोपलीचे माप, आठवड्याचा पगार या गोष्टी त्या ज्या शब्दांत सांगतात त्यावरून जोतीराव कोणत्या जगात वावरत होते ते कळेल.

आपल्या बाबासाहेबांच्या वडिलांनाही असल्याच कामावर नोकरी होती. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटावयास निघालेल्या लहानग्या भीमरावांना वाटेत गाडीवाला व पाणी मिळाले नाही, ती हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तलाव खणणारे आणि त्याचा दगड वाहणारे बहुसंख्य लोक ज्या समाजांतले होते, त्यांच्याच मुलाला घोटभर पाण्यासाठी रात्र तहानेने काढावी लागली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र कोण होते हा आपला ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला आणि बुद्ध व कबीर यांच्याबरोबर त्यांना आपले गुरू मानले. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला होता. पुढच्याच वर्षाच्या सुमारास ते धरणाच्या कामाला लागले. पुण्याला त्या धरणाचे पाणी मिळाले. परंतु महारवाड्यातील माणसाला सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगावयास १९२७ चे महाड उजाडावे लागले.

धरणाचा कालवा सुरू झाल्यावर जोतीरावांनी मांजरीच्या बाजूला जमीन घेतली व कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. दगड दिला तेथून पाणी घेतले, असा हा सरळ व्यवहार. पण या शेतीमुळे त्यांना कालव्याची दुसरी बाजूही कळली. १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी ती मांडली आहे. कालव्याचे पाणी वेळेवर मिळो न मिळो, पाणीपट्टी मात्र वसूल होते. इंजिनियर खात्यातील मंडळी आपल्या आरामात असतात आणि शेतकऱ्याचे पीक वाळते. प्रत्येकाला जरुरीपुरते पाणी मोजून मिळावे म्हणून तोटीसारखी सोय करावी, अशी सूचना त्यांनी केली. डोंगरउतारावर ठिकठिकाणी तालीवजा बंधारे घालावेत, पावसाचे पाणी रानात मुरवावे, मातीचे सत्त्व वाहून जाऊ देऊ नये, खोऱ्याखोऱ्यांत तळी-तलाव बांधावेत आणि या कामाला रिकामे पोलीस व लष्कर लावावे, असेही त्यांनी लिहिले. आमच्या जिल्ह्यातील हिवरेबाजार, राळेगणसिद्धी या गावांची नावे पाणी अडविण्यासाठी देशभर झाली. त्याच्या शंभर वर्षे आधी एका दगडाच्या कंत्राटदाराने हे लिहून ठेवले होते. हा ग्रंथ जोतीरावांनी हडपसर, ओतूर, जुन्नर अशा ठिकाणी शेतकऱ्यांना वाचून दाखविला, बडोद्यास सयाजीराव महाराजांनाही ऐकविला. दीनबंधूत त्याची प्रकरणे येऊ लागली. पण नारायण मेघाजी लोखंड्यांनी पुढची प्रकरणे छापली नाहीत. स्वतःच्या माणसांनाही जोतीराव कधी कधी जड जात असत. त्याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, तेव्हा मात्र जोतीराव त्यांच्या पाठीशी होते.

कालव्याच्या पाण्याचा हा प्रश्न आपल्याकडे जुना झाला नाही. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला गेले. वर, धरणाच्या काठाला राहणाऱ्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात काय मिळते, हे त्या भागात नोकरी केलेले शिक्षक सांगतील. येथे एवढेच पुरे.

१८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. स्वतः बांधकामाचा माणूस. नगरपालिकेत बसून कामे पदरात पाडून घेणे त्यांना कठीण नव्हते. केले काय? १८८० मध्ये लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताला एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. हा पैसा शिक्षणाला द्या, हे त्यांचे म्हणणे. दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लिहिले. पुढे पुण्यात तीन लाखांवर खर्चून मोठी मंडई बांधण्याचे घाटत होते, तेव्हा जोतीराव व हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. भाजीवाल्या माळ्याच्या मुलाने मंडईला विरोध करावा आणि दगडाच्या कंत्राटदाराने इमारतीला! पण पोरांना शाळा नसताना दगडावर लाखो रुपये घालणे त्यांना पटत नव्हते. मंडई झालीच, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. नंतर तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. हे त्यांनी पाहिले असते तर ते काय म्हणाले असते, हे मी वाचकांवर सोपवितो.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, म्हणून जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांनी असे डाव्या हाताने पुरे केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये निघाले.

तोपर्यंत धंद्याचा पैसा संपत आला होता. ज्याने इतकी वर्षे खाण, भट्टी, मळा चालविला त्याच्या घरी औषधाला ओढ लागली. मामा परमानंदांनी सयाजीराव महाराजांना मदतीसाठी लिहिले. पैसा कोठे गेला, हे सावित्रीबाईंना माहीत होते. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेला, दत्तक घेतलेला मुलगा यशवंत त्यांनी डॉक्टर होण्यासाठी शिकविला. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपले जे काही होते ते सावित्रीबाई व यशवंत यांच्या नावे केले होते आणि आपल्या देहाला अग्नी न देता तो मिठात पुरावा, असे लिहिले होते. त्यासाठी पुण्याच्या गंज पेठेतील घरामागे खड्डाही तयार ठेविला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले होते तिने. देहाचे दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या. नंतर अस्थी घरी आणल्या आणि त्या घरामागच्या खड्ड्यात ठेवून वर दगडी बांधकाम केले. ते आजही तेथे आहे.